चांदीतील गुंतवणूक

बचतीचे मूल्य टिकविण्याच्या किंवा वाढविण्याच्या उद्देशाने विटा, लगडी अथवा नाणी यांच्या रूपात चांदी विकत घेऊन ती प्रत्यक्ष ताब्यात ठेवण्याची प्रथा. दागिने व भांडी यांतही चांदी साठविली जाते. परंतु तेथे वापर, हौस व प्रतिष्ठा हे हेतू मिसळलेले असतात. विटा व नाणी घेणाऱ्याला धातूखेरीज दुसरे काही नको असते. वजन आणि शुद्धता यांच्या गुणाकाराने जी निव्वळ चांदी निघते, तिचेच मोल विक्रीच्या वेळी हाती येते. घडणावळ, मुद्रांकन, वेष्टन व कर यांपायी दिलेली रक्कम बहुतांशी परत मिळत नाही. म्हणून चांदी कोणत्या रूपात घ्यावी हा प्रश्न मुख्यतः धातूच्या मोलापेक्षा किती अधिक द्यावे लागते व त्यातील किती परत मिळते, ह्या हिशेबाचा आहे. भाव वाढेल की उतरेल ह्याचे अनुमान कोणालाही खात्रीने करता येत नाही. हा हिशेब मात्र खरेदीपूर्वीच मांडता येतो.

सोन्याच्या तुलनेने चांदी हा स्वस्त व म्हणूनच जागा व्यापणारा धातू आहे. तिची घनता दर घ. सेंमी. ला १०·४९ ग्रॅ., तर सोन्याची १९·३ ग्रॅ. आहे. सोन्याचा भाव चांदीच्या ८० पट आहे असे उदाहरणादाखल धरल्यास १ किग्रॅ. सोन्याच्या किमतीत ८० किग्रॅ. चांदी येते. सोन्याचा तो तुकडा सु. ५२ घ. सेंमी. म्हणजे काड्यापेटीएवढ्या दोन-तीन वस्तूंची जागा घेतो. तेवढ्याच किमतीच्या चांदीला सात लिटरांहून अधिक जागा लागते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला चांदी जवळची वाटते ती तिच्या स्वस्ताईमुळे. परंतु संचय मोठा होऊ लागला, की हाच गुण साठवण, वाहतूक व तपासणी यांच्या खर्चाच्या रूपाने अंगावर येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतात चांदी दीर्घकाळ स्वतःच चलन होती. पेशवाईत अंकुशी, चांदवडी इ. अनेक रुपये एकाच वेळी चालत आणि त्यांतील चांदी सारखी नसे. प्रत्येक रुपया पारखून, त्याच्या कसानुसार बट्टा आकारून तो स्वीकारणे हा सराफाच्या धंद्याचा मोठा भाग होता. नाण्यावरील छाप पाहून नव्हे, तर त्यातील धातू पाहून किंमत ठरविण्याची ही रीत आजच्या गुंतवणूकदारालाही लागू पडते. १८३५ च्या नाणे अधिनियमाने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात १८० ग्रेन (११·६६ ग्रॅ.) वजनाचा व बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा एकच रुपया प्रमाण ठरला. तोळ्याचे वजनही ह्या रुपयाइतकेच मानले गेले.

त्या काळी कोणालाही आपली चांदी मुंबई वा कलकत्ता येथील टांकसाळीत देऊन, ठराविक आकार भरून, तिचे रुपये पाडून घेता येत. ह्यामुळे घरातील चांदीचे कडे म्हणजे एका अर्थाने रोख रुपयेच होते. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमधील कुटुंबांनी मोडलेल्या दागिन्यांची चांदी मुंबईच्या टांकसाळीकडे मोठ्या प्रमाणावर आली. मात्र याच सुमारास जर्मनी व इतर यूरोपीय देशांनी सुवर्णचलनाचा स्वीकार केल्यामुळे आणि अमेरिकेतील खाणींचे उत्पादन वाढल्यामुळे चांदीचा जागतिक भाव घसरू लागला. रुपयाचा पौंडातील दर त्याबरोबर उतरू लागल्याने हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी भारतातील टांकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद करण्यात आल्या. पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स म्हणजे १६ पेन्सांवर स्थिर झाला. पण त्यातील चांदीची किंमत १८९७ मधील लंडनच्या भावाने जेमतेम १० पेन्स होती. रुपयाभार चांदी मोडायला नेली, तर सु. दहा आण्यांचेच मोल पदरी पडे. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत ज्यांनी दागिने विकले, त्यांना हा फरक सोसावा लागला. धातू तोच, वजन तेच. सरकारने त्याला चलनात रूपांतरित करण्याची वाट मिटविली, एवढेच घडले होते. चांदीच्या मोलात राज्यकर्त्यांच्या निर्णयाचा वाटा किती मोठा असतो, हे दाखविणारे इतके स्पष्ट उदाहरण भारताच्या आर्थिक इतिहासात विरळाच.

दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई निर्माण झाल्याने १९४० पासून रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणण्यात आले (उरलेल्या भागात तांबे ४०, निकेल ५ व जस्त ५ टक्के). जुने, अधिक कसाचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले गेले आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. चलनातून परत घेतलेल्या ह्या निमकसाच्या नाण्यांतील चांदी वेगळी करून, युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी भारताने फेडली.

स्वातंत्र्योत्तर काळात चांदीच्या विटांना वेगळ्याच कारणाने महत्त्व आले. जानेवारी १९६३ मधील सुवर्ण नियंत्रण नियम व त्यानंतरचा १९६८ चा सुवर्ण नियंत्रण अधिनियम यांमुळे सामान्य नागरिकास सोन्याच्या लगडी बाळगता येत नसत. चांदीवर असे बंधन नव्हते. सुवर्ण नियंत्रण अधिनियम १९९० मध्ये रद्द झाला. १९९३ मध्ये परदेशस्थ भारतीयांना सामानाबरोबर चांदी आणण्याची मुभा मिळाली आणि पूर्वी चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालाचा बराचसा भाग उघड व्यापारात आला.

विटा व लगडी : घाऊक व्यापारात सु. ३० किग्रॅ. वजनाची वीट प्रमाण मानली जाते. लंडनच्या बाजारात स्वीकारार्ह ठरणाऱ्या विटेचे वजन ७५० ते १,१०० ट्रॉय औंस (२३·३ ते ३४·२ किग्रॅ.; १ ट्रॉय औंस = ३१·१०३५ ग्रॅ.) आणि शुद्धता हजारी किमान ९९९ असावी लागते. तीवर शुद्धीकरणशाळेची मुद्रा, अनुक्रमांक, शुद्धता व वर्ष कोरलेले असते. अशी वीट मान्यताप्राप्त तिजोऱ्यांच्या साखळीत असेपर्यंत तिच्या मुद्रेवर विश्वास ठेवून व्यवहार होतात. एकदा ती खाजगी घरात गेली, की पुढील खरेदीदार तिचा कस पुन्हा काढण्याचा आग्रह धरू शकतो. भारतातील मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजवरील (स्थापना २००३) चांदीचा मुख्य वायदाही ३० किग्रॅ. चाच आहे; ५ किग्रॅ. व १ किग्रॅ. चे लहान वायदेही तेथे होतात.

व्यक्तिगत खरेदीदाराला १ किग्रॅ. ची लगड सर्वांत सोयीची. १०० ग्रॅ., ५० ग्रॅ. व त्याखालील तुकडेही मिळतात. परंतु ओतकाम, मुद्रांकन व वेष्टन यांचा खर्च दर नगास जवळजवळ सारखाच असल्याने नग जितका लहान, तितका दर ग्रॅमला अधिक पैसा जातो. याउलट फार मोठी वीट गरजेच्या वेळी थोडी थोडी मोडता येत नाही. सराफाच्या पेढीवर ती कापून विकता येते, परंतु कापलेल्या तुकड्यावर मुद्रा राहत नाही व त्याचा टंच नव्याने काढावा लागतो. ह्या दोन टोकांच्या मध्ये, ज्या रकमेची एका वेळी गरज पडेल असे वाटते तेवढ्याच मोलाचे नग घ्यावेत, हा जुन्या सराफांचा हिशेब आजही उपयुक्त आहे. चांदीचा रवा वा ओबडधोबड लगडी स्वस्त पडतात. पण त्या ओळखीच्या पेढीबाहेर नेल्या, की आटवून तपासल्याशिवाय कोणी घेत नाही.

महाराष्ट्रात मुंबईच्या झवेरी बाजाराखेरीज खामगाव (जि. बुलढाणा) हे शुद्ध चांदीच्या पेठेसाठी, तर हुपरी (जि. कोल्हापूर) हे चांदीच्या दागिन्यांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. जुन्या घरांतील चिठ्ठ्या वाचताना तोळ्याचा घोळ होतो. मूळ तोळा ११·६६ ग्रॅ. चा, दशमान पद्धतीनंतर बाजारात १० ग्रॅ. नाच तोळा म्हणण्याची पद्धत रूढ झाली. ‘शंभर तोळे’ अशी नोंद असलेला ऐवज जुन्या मापाने १,१६६ ग्रॅ. भरतो, नव्या मापाने १,००० ग्रॅ.; वाटणीच्या वेळी हा फरक क्षुल्लक राहत नाही.

नाणी : ‘चांदीचे नाणे’ ह्या एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रकारच्या वस्तू विकल्या जातात. भारतात दिवाळी व धनत्रयोदशीच्या सुमारास सराफांकडे मिळणारी लक्ष्मी-गणपतीची नाणी कायद्याच्या दृष्टीने नाणी नव्हेत. नाणी पाडण्याचा अधिकार केवळ केंद्र शासनाचा आहे. ही त्या आकाराची पदके होत. त्यांना दर्शनी मूल्य नसते आणि मोल आतील चांदीएवढेच असते. त्यांवरील घडणावळ शेकडेवारीने पाहता लगडीपेक्षा बरीच अधिक असते. बँकांकडून अशी नाणी घेणाऱ्यास शुद्धतेची खात्री मिळते, परंतु बँका विकलेली नाणी सामान्यतः परत घेत नाहीत आणि विक्रीसाठी शेवटी सराफाकडेच जावे लागते.

जुने चलनी रुपये हा दुसरा प्रकार. १८३५ ते १९३९ पर्यंतच्या रुपयात ११·६६ ग्रॅ. वजनापैकी सु. १०·६९ ग्रॅ. शुद्ध चांदी असते; १९४० व त्यानंतरच्या रुपयात केवळ ५·८३ ग्रॅ. दिसायला दोन्ही सारखे असल्याने वर्ष न पाहता घेणारा निम्म्या चांदीला पूर्ण मोल देऊन बसतो. नव्या मिश्रणाच्या रुपयाच्या कडेवर, दात्यांच्या मधोमध, बनावट रोखण्यासाठी खाच केलेली असते. त्यावरूनही तो ओळखता येतो. झिजलेल्या नाण्याचे वजन कमी भरते, म्हणून असे रुपये नगावर न घेता वजनावर घेणे इष्ट. काही वर्षांची नाणी, उदा., १९३९ चा रुपया, दुर्मिळ असल्याने संग्राहक त्यांना धातूच्या कितीतरी पट किंमत देतात. परंतु ते नाणकशास्त्राचे क्षेत्र आहे, चांदीतील गुंतवणुकीचे नव्हे [⟶ नाणी व नाणकशास्त्र]. व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे बनावट रुपयेही बाजारात पुष्कळ आहेत.

भारत सरकारच्या स्मारक नाण्यांच्या बाबतीत आकारावरून फसगत होण्याचा संभव असतो. गांधी जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये काढलेले दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅ. वजनाचे व ८० टक्के चांदीचे असल्याने त्यात १२ ग्रॅ. चांदी आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १९७२ चे दहा रुपयांचे नाणे २२·५ ग्रॅ. चे, म्हणजे हाताला दीडपट जड लागते. परंतु त्यात चांदी निम्मीच असल्याने ती ११·२५ ग्रॅ. भरते.

परदेशांत गुंतवणूकदारांसाठी मुद्दाम पाडलेली एक औंसाची सरकारी नाणी प्रचलित आहेत. मेक्सिकोचे लिबर्ताद (१९८२ पासून), अमेरिकेचे ईगल (१९८६), कॅनडाचे मेपल लीफ (१९८८) व ऑस्ट्रियाचे फिलहार्मोनिक (चांदीत २००८) ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यांना नाममात्र दर्शनी मूल्य असते. त्या त्या देशात ती सर्वत्र ओळखली जात असल्याने विकताना पुन्हा कस काढावा लागत नाही आणि खरेदीच्या वेळी दिलेली अधिक रक्कम काही अंशी परत मिळते. भारतात ती ओळख नसल्याने सराफ त्यांना साध्या चांदीचाच भाव देतो. येथील खरेदीदाराला त्यांचा विशेष लाभ नाही.

खरेदी-विक्रीतील तफावत : चांदीचा स्थानिक भाव लंडन-न्यूयॉर्कचा डॉलरमधील भाव, रुपयाचा विनिमय दर, आयात शुल्क आणि स्थानिक मागणीमुळे येणारी अधिक-उणी रक्कम यांवरून ठरतो. १ किग्रॅ. म्हणजे ३२·१५ ट्रॉय औंस. तेव्हा डॉलरच्या भावाला ह्या संख्येने व रुपयाच्या दराने गुणून त्यात शुल्क मिळविले, की सराफाने सांगितलेला भाव वाजवी आहे किंवा कसे, ह्याचा अंदाज येतो. १ जुलै २०१७ पासून चांदीच्या विटा व नाणी यांवर ३ टक्के वस्तू व सेवा कर आहे. व्यापाऱ्याला हा कर पुढे वळता करता येतो. घरगुती खरेदीदाराला तो परत मिळत नाही.

केवळ गणितासाठी असे मानू, की लगडीवर घडणावळ नाही, नाण्यावर ती शेकडा ८ आहे, आणि सराफ परत घेताना चालू भावापेक्षा शेकडा २ कमी देतो. भाव १०० रुपये असताना लगड करासह १०३ रुपयांस पडते. तेवढेच पैसे परत मिळण्यासाठी भाव १०५ रुपयांच्या वर जावा लागतो. नाणे १११ रुपये २४ पैशांस पडते; तेथे भाव साडेतेरा टक्के वाढल्याखेरीज मुद्दल सुटत नाही. भाव वाढत असताना ही तूट डोळ्यांआड होते. भाव वर्षभर स्थिर राहिला, की ती जाणवते. चांदीवर व्याज वा लाभांश नसतो, तेव्हा ती भरून काढण्यास भाववाढ हाच एक मार्ग उरतो. खरेदीच्या वेळी वेगळा दाखविलेला घडणावळीचा आकडा, वजन, शुद्धता व नगाचा अनुक्रमांक नोंदलेले पक्के बिल घेणे म्हणून महत्त्वाचे. ज्या पेढीवर खरेदी केली तेथेच चांदी परत दिल्यास घट कमी धरली जाते, असा सामान्य अनुभव आहे; खरेदीपूर्वीच परतीचा भाव विचारून घेतल्यास हा फरक आगाऊ कळतो.

पारख : भारतीय मानक संस्थेने चांदीचे दागिने व वस्तू यांच्या शुद्धतेसाठी आय. एस. २११२ हे मानक ठरविले असून त्यांचे प्रमाणचिन्हांकन २००५ मध्ये सुरू झाले. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यात प्रत्येक नगास सहा अक्षरांकी ओळखक्रमांक देण्याची ऐच्छिक योजना लागू झाली. सोन्याप्रमाणे चांदीला हे चिन्ह त्या योजनेत सक्तीचे नसल्यामुळे चिन्ह नसलेला मालही बाजारात मोठ्या प्रमाणावर असतो. ‘जर्मन सिल्व्हर’ ह्या नावाच्या मिश्रधातूत चांदी मुळीच नसते. तो तांबे, निकेल व जस्त यांचा असतो.

घरगुती परीक्षांपैकी चुंबकाची परीक्षा लोखंडाचा गाभा तेवढा उघडा पाडते. बर्फाचा खडा चांदीवर झपाट्याने वितळतो, कारण सर्व धातूंत तिची उष्णतावाहकता सर्वाधिक आहे. परंतु तांबेही ह्या बाबतीत फार मागे नाही. पाण्यात बुडवून घनता काढणे अधिक विश्वसनीय असले, तरी शिसे (११·३४) चांदीपेक्षा जड व तांबे (८·९६) हलके असल्याने त्यांच्या योग्य संयोगाने चांदीइतक्याच घनतेची बनावट वीट तयार करता येते. सोन्याच्या बाबतीत असे स्वस्त मिश्रण साधत नाही. सराफाकडील क्ष-किरण यंत्र नग न मोडता टंच सांगते, पण ते केवळ पृष्ठभागाचा पातळ थर पाहते. जाड मुलामा दिलेल्या वस्तूस ते फसू शकते. म्हणून मोठ्या विटेच्या बाबतीत तिच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, वरून व खालून, सामता लावून चूर काढतात व त्याचे रासायनिक विश्लेषण करतात. हा खर्च ३० किग्रॅ. च्या विटेला परवडतो, ५० ग्रॅ. च्या नाण्याला परवडत नाही. लहान नगांच्या बाबतीत विक्रेत्याच्या पतीवरच विसंबावे लागते.

साठवण : हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सल्फाइडाचा काळा थर चढतो. त्याने लगडीच्या मोलात फरक पडत नाही आणि तो घासून काढण्याच्या प्रयत्नात उलट थोडी चांदी जाते; म्हणून लगडी व नाणी उजळू नयेत. रबर, लोकर व हलक्या प्रतीचा कागद यांचा संपर्क टाळावा. घरी ठेवलेल्या चांदीला चोरीचे भय असते आणि सर्वसाधारण गृहविम्यात विटांचा समावेश गृहीत धरता येत नाही. बँकेच्या तिजोरीतील कप्पा सोन्याला पुरतो, चांदीला लवकरच अपुरा पडतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी वा कर्मचाऱ्यांची अफरातफर यांबाबत बँकेची जबाबदारी कप्प्याच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच मर्यादित आहे. भाडे ४,००० रुपये असेल, तर ही मर्यादा चार लाख रुपये होते.

भावातील चढउतार : चांदीचा भाव सोन्यापेक्षा अधिक वेगाने वर-खाली होतो. तिच्या एकूण मागणीपैकी निम्म्याहून अधिक मागणी उद्योगांची असते. छायाचित्रणातील वापर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ओसरला. विद्युत् व इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि सौर विद्युत् घट यांतील वापर वाढला. मंदीत उद्योगांची मागणी घटते, तेव्हा संकटकाळचा आधार म्हणून घेतलेली चांदी नेमकी त्याच वेळी उतरू शकते. पुरवठ्याच्या बाजूला, नवी चांदी बहुतांशी शिसे, जस्त, तांबे व सोने यांच्या खाणींत उपउत्पादन म्हणून निघते. राजस्थानातील जस्त-शिशाच्या खाणी हे त्याचे भारतीय उदाहरण होय. त्यामुळे चांदी महागली, तरी केवळ तिच्यासाठी उत्पादन चटकन वाढत नाही [⟶ चांदी].

१९७९–८० मध्ये अमेरिकेतील नेल्सन बंकर हंट व विल्यम हर्बर्ट हंट ह्या बंधूंनी कर्जाऊ पैशाच्या बळावर प्रचंड साठा व वायदे केल्याने जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला सु. ५० डॉलरांवर गेला. बाजाराच्या चालकांनी नव्या खरेदीवर निर्बंध घातले आणि २७ मार्च १९८० रोजी तो सु. ११ डॉलरांपर्यंत कोसळला. १९९१ मध्ये चांदी ४ डॉलरांच्याही खाली होती. एप्रिल २०११ मध्ये ती पुन्हा ५० डॉलरांच्या जवळ पोहोचली व परत उतरली. मार्च २०२० मध्ये १२ डॉलरांच्या आसपास आली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने पन्नास डॉलरांची पातळी स्पष्टपणे ओलांडली. म्हणजे १९८० च्या शिखरावर खरेदी करणाऱ्याला डॉलरच्या हिशेबाने मुद्दल परत दिसण्यास ४५ वर्षे लागली, आणि तेही महागाईचा विचार न करता. भारतीय खरेदीदाराला ह्या काळात रुपयाच्या घसरणीने सावरले. १९८० मध्ये सु. ८ रुपयांस मिळणारा डॉलर २०११ मध्ये सु. ४५ रुपयांचा झाला होता. त्याच्या नफ्याचा हा भाग चांदीमुळे झालेला नसून चलनामुळे झालेला असतो. आयात शुल्काचाही असाच परिणाम होतो. जुलै २०२४ मध्ये ते १५ वरून ६ टक्क्यांवर आणताच जागतिक भाव न बदलताही देशातील साठ्याचे मोल उतरले.

सोन्या-चांदीच्या भावांचे गुणोत्तर हे चांदी स्वस्त की महाग, ह्याचे गमक म्हणून वापरले जाते. फ्रान्सने १८०३ मध्ये ते कायद्याने १५·५ ठरविले होते. जानेवारी १९८० मध्ये ते सु. १७, २०११ मध्ये सु. ३२ आणि मार्च २०२० मध्ये १२० च्या वर होते. इतक्या विस्तृत पट्ट्यात हिंडणाऱ्या आकड्याला ‘स्वाभाविक’ पातळी आहे असे मानणे कठीण आहे.

कर व कायदा : विक्रीतील नफ्यावर भांडवली लाभ कर लागतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या तरतुदींनुसार चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या चांदीवरील लाभास १२·५ टक्के दर असून महागाई निर्देशांकाची सवलत काढून घेण्यात आली. त्याहून कमी काळातील लाभ इतर उत्पन्नात मिळविला जातो. घरातील पूजेची चांदी ही व्यक्तिगत वापराची वस्तू असल्याने करमुक्त असते, असा समज आढळतो. धोलपूरच्या माजी संस्थानिकाने विकलेल्या सोन्याच्या मोहरा, चांदीचे रुपये व चांदीच्या विटा ह्या लक्ष्मीपूजनासाठी वापरल्या जात, असा दावा केला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तो फेटाळला. अशा वस्तू व्यक्तिगत वापराशी निकटपणे व नेहमीच्या रीतीने निगडित नाहीत, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई करण्यात आली.

तारणाच्या बाबतीत लगडीपेक्षा नाणे सरस ठरते. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या निदेशांनी बँका व वित्त कंपन्यांना चांदीचे दागिने व नाणी यांच्या तारणावर कर्ज देण्याची चौकट आखून दिली. दर कर्जदारामागे दागिन्यांची मर्यादा १० किग्रॅ. व नाण्यांची ५०० ग्रॅ. ठेवण्यात आली. विटा व लगडींच्या तारणावर कर्ज देण्यास मात्र मनाई आहे. त्यामुळे अडीअडचणीला विकावे न लागता पैसा उभा करण्याची सोय हा ज्या कुटुंबाचा मुख्य हेतू आहे, त्याने थोडी चांदी, अधिक घडणावळ सोसूनही, नाण्यांच्या रूपात ठेवण्यास कारण आहे.

प्रत्यक्ष चांदी न बाळगता तिच्या भावात सहभागी होण्याचा मार्ग भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) नोव्हेंबर २०२१ मध्ये खुला केला व जानेवारी २०२२ पासून चांदीवर आधारित निधींचे भाग शेअरबाजारात मिळू लागले. त्यांत घडणावळ, पारख व साठवण यांचा भार खरेदीदारावर थेट पडत नाही; त्याऐवजी निधीचा वार्षिक खर्च द्यावा लागतो आणि धातू हाती येत नाही. वडिलोपार्जित चांदी विकताना बिल नसल्यास, ती १ एप्रिल २००१ पूर्वी कुटुंबात आलेली असेल, तर त्या दिवशीची बाजारभावाने होणारी किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यमापकाचा दाखला उपयोगी पडतो.